वाक्य पुरं होईपर्यंत

भिंतीवरच्या पडद्यातून कोणी बाई बोलत होती आणि तिच्या बोलण्याची धाटणी ओळखीची वाटत होती, एवढंच तिला आधी जाणवलं. खुर्ची मागे कलती केलेली, डावा हात उशीवर पालथा, मनगटाच्या जरा वर बसवलेल्या सुईवर पारदर्शक चिकटपट्टी, आणि समोर स्टुलावर बसलेली सिस्टर औषधाची जाड सिरिंज दिव्यासमोर धरून तिच्यावरची चिठ्ठी वाचत होती. औषध लाल होतं. सरबताच्या बाटलीत असतं तसं निर्लज्ज लाल. “नमस्कार,” पडदा म्हणाला, “आज तुम्हाला शिरेतून जे औषध दिलं जाणार आहे, त्याची थोडी माहिती करून घेऊ या.” शेवटचा ‘या’ उगाच लांबवलाय, हिला कोणीतरी सांगायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, तो ‘या’ तिचाच होता. तिचाच आवाज, तिच्याच गळ्यातला, जरा तरुण, भरपूर रक्त असलेल्या माणसाचा.

ती विसरून गेली होती. विसरणं साहजिक होतं, कारण आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे कागद वाचले होते आणि वाचून झाला की कागद उलटा घालून ठेवला होता. बँकेच्या फोनवर ‘कृपया थोडा वेळ थांबा’ म्हणणारी तीच, लिफ्टमध्ये मजले सांगणारी तीच, मधमाश्यांवरच्या माहितीपटात मधमाश्यांपेक्षा जास्त गोड बोलणारी तीच. हे रुग्णालयाचं काम काही वर्षांपूर्वीचं. तळघरातला तो स्टुडिओ, भिंतींना लावलेला राखाडी स्पंज, काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक. त्याला सगळे कानसेन म्हणायचे, कारण त्याला पानाची घडी उलगडल्याचा आवाजसुद्धा सहन होत नसे. त्या दिवशी त्याच्या शेजारी रुग्णालयाकडून आलेला एक तरुण डॉक्टर बसला होता, घड्याळाकडे बघत. औषधाचं नाव तिला जमेना. डॉनोरुबिसिन. ती दोनदा अडखळली, मग तिने ते गाण्याच्या ओळीसारखं तोडून पाठ केलं आणि एका दमात म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, “वा, आमच्यापेक्षा बरं म्हणता.” ती खूश झाली होती. ल्युकेमिया हा शब्द तर तिने इतका अलगद म्हटला होता की कोणाला वाटावं, एखाद्या फुलझाडाचं नाव आहे.

“ताई, ऐकताय ना?” सिस्टर म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती, तिची नजर हातावर होती. सिस्टर बुटकी, रुंद खांद्यांची, बोलताना भुवया वर करणारी. “छातीतली मोठी नळी अजून बसवता येत नाही तुम्हाला. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार खाली गेल्यात. म्हणून पहिला डोस हातातूनच. शेजारून सलाइन जोरात चालू राहील आणि हे मी स्वतः हळूहळू सोडणार. मी इथून उठणार नाही. तुम्ही फक्त एक करायचं. इथे जळलं, झोंबलं, ताणल्यासारखं झालं, काहीही वेगळं वाटलं, की सांगायचं. मी विचारीन म्हणून थांबायचं नाही.”

“हो, सांगते ना.”

“सगळे म्हणतात सांगते. आणि बसतात गप्प.” सिस्टरने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. “हे लागलं की निम्मे पेशंट डोळे मिटतात. बाईचा आवाजच तसा आहे. आम्ही तर आता ऐकतसुद्धा नाही. पंखा चालू असतो तसं ते चालू असतं.”

ती हसली. ‘ती बाई मीच’ हे अगदी ओठावर आलं होतं, पण ते सांगायला ती पडद्यातलं वाक्य संपायची वाट पाहत राहिली आणि तोवर सिस्टरने हातमोजे ओढून घट्ट केले होते. शीर सापडायला मघाशी फार वेळ गेला होता. दोन शिरा फुटल्या, कोपराजवळ निळं झालं, मग ही मिळाली. “हिला जपायचं हं,” असं सिस्टर शिरेला उद्देशून म्हणाली होती. तेव्हापासून तिने हात स्वतःचा असा हलवलाच नव्हता. पाहुण्यांचं काचेचं भांडं हातात दिल्यासारखी ती तो हात सांभाळत होती. मोठे डॉक्टर सकाळी खाटेपाशी येऊन म्हणाले होते, “आज सुरू करायलाच हवं, या आजाराला थांबणं माहीत नसतं.” त्यांनी ते कागदावर न बघता म्हटलं होतं, त्यामुळे ते खरं असणार असं तिला वाटलं.

लाल रंग नळीत शिरला. आधी सलाइनमध्ये एक धागा, मग गुलाबी, मग सगळीच नळी लाल. “या औषधाचा रंग लाल असतो,” ती पडद्यातून म्हणाली, “त्यामुळे एक-दोन दिवस लघवीचा रंगही लालसर दिसू शकतो. ते रक्त नव्हे. घाबरण्याचं काही कारण नाही.” घाबरण्याचं काही कारण नाही. हे तिचं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणायला हरकत नाही. कागदावर नसलं तरी कानसेन ते घालायला सांगायचा. विमानात, विम्याच्या जाहिरातीत, पाणी तुंबल्याच्या सूचनेत. आणि घरी ती फुकटात म्हणायची. वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा सगळ्या नातेवाइकांचे फोन तिनेच घेतले होते, कारण धाकटा भाऊ रडायचा आणि आई बोलायचीच नाही. “स्थिर आहेत, घाबरण्याचं काही कारण नाही,” असं ती पहाटेपर्यंत सांगत राहिली आणि मावशी सगळ्यात शेवटी आली, सगळं आटोपल्यावर. म्हणाली, “तुझ्या आवाजावरून वाटलं नाही गं.” नंतर पुष्कळ वर्षं मावशी फोन आला की आधी विचारायची, घरात दुसरं कोणी आहे का बोलायला.

“ठीक?” सिस्टरने विचारलं.

“ठीक आहे.”

आणि ते म्हणतानाच तिला कळलं की हातात काहीतरी होतंय. चिकटपट्टीच्या खाली, सुईच्या टोकाच्या पुढे, एक लहानसा बिंदू जागा झाला होता. आधी तो थंड वाटला. सलाइन थंडच असतं, ते काल रात्रीपासून माहीत होतं. मग थंड आहे की गरम, हे ठरवता येईना. अंधारात नळाखाली हात धरला की क्षणभर कळत नाही तसं. ती त्या बिंदूकडे आतून बघू लागली. कदाचित चिकटपट्टीच ओढली गेली असेल. कदाचित मनातलंच असेल. तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं की मनातलं पुष्कळ असतं. वडील रात्रपाळीचे, दिवसभर झोपलेले, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात सगळी मुलं पावलं दाबून चालायची. पडलं, खरचटलं, दारात बोट सापडलं, तरी आधी ओठ मिटायचे आणि मग रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडायचं. जिन्यापर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेकदा रडू विरून जायचं. तिच्या आवाजाची सगळी कमाई त्या घरातली. हळू, गोल, कोणाची झोप न मोडणारा.

सलाइनच्या यंत्रावर छोटासा लाल दिवा होता, तो पेटलेला होता. तिची नजर तिथे गेली आणि घसा आपोआप बंद झाला. हे तिने केलं नव्हतं, ते होत असे. स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला की खोकला गिळायचा, शिंक गिळायची, पोटातली गुरगुर बसल्या जागी दाबायची. स्टुडिओत तिची एक गोष्ट प्रसिद्ध होती. एकदा कुठून कोण जाणे गांधीलमाशी आत शिरली आणि वाक्याच्या मध्यावर तिला मानेवर चावली. तिने वाक्य पुरं केलं. पूर्णविरामानंतर मोजून एक श्वास सोडला आणि मग म्हणाली, “काहीतरी चावलंय मला.” कानसेन नव्या पोरांना ते ध्वनिमुद्रण ऐकवायचा. “सांगा कुठे चावली,” म्हणायचा, आणि कोणालाही सांगता येत नसे. तीसुद्धा एकदा ऐकायला बसली होती आणि तिलाही ती जागा सापडली नाही. त्या दिवशी ती घरी पायीच गेली, इतका तिला आनंद झाला होता. मान सुजलेली, आणि अभिमानाने ताठ.

आता तो बिंदू झोंबत होता. त्याबद्दल शंका उरली नव्हती. पडदा म्हणत होता, “औषधाच्या काळात तोंडाला फोड येऊ शकतात, केस गळू शकतात, हृदयाची तपासणी अधूनमधून केली जाईल,” आणि तिने ठरवलं, हे वाक्य संपलं की सांगू. का? ते तिने स्वतःला विचारलं नाही. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, एवढं साधं ते होतं. बोलणारी ती स्वतःच असली म्हणून काय झालं. उलट स्वतःलाच तोडायचं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. वाक्य संपलं. दुसरं सुरू झालं. मध्ये फट नव्हती. तिला तेव्हा आठवलं की फट असणारच नाही, कारण कानसेनने तिचे श्वास कापून टाकले होते. तो नेहमीच कापायचा. टोकदार नखाने शिवण उसवावी तसा एकेक श्वास काढून टाकायचा आणि वाक्यं एकमेकांना चिकटवायचा. पडद्यातली बाई मुळी श्वासच घेत नव्हती. ती अशीच बोलत राहणार, हात जळून जाईपर्यंत बोलत राहणार, आणि तिच्यात शिरायला कुठे जागाच नव्हती.

आणि श्वासानेच तर हे सगळं सुरू झालं होतं. बालवाडीच्या पोरांसाठी एक गोष्ट वाचत होती ती, अगदी सोपी वाक्यं, आणि वाक्य पुरं होईना. मध्येच दम संपायचा. कानसेन काचेतून बघायचा, ती हात करायची, पुन्हा घेऊ. वय झालं, म्हणाली. जिना चढले, म्हणाली. मांडीवर निळे डाग उमटले तेव्हा टेबलाचा कोपरा लागला म्हणाली. लेकच शेवटी धरून घेऊन गेली रक्त तपासायला. लेक आता दाराबाहेर बाकावर होती, तिला जराशी सर्दी होती म्हणून सिस्टरने आत येऊ दिलं नव्हतं. दाराला चौकोनी काच होती आणि काचेत लेकीचा एक कान आणि केसांचा बुचडा दिसत होता. लेक घरात एक वाक्य नेहमी म्हणायची. आई या आवाजात बोलायला लागली, की मग ते भांडण असो की आजारपण, लेक म्हणायची, “रेडिओ बंद कर, आई.” काल निदान सांगून डॉक्टर गेले, तेव्हा खोलीत दोघीच राहिल्या, आणि तिने लेकीला सगळं नीट समजावलं होतं, पेशी म्हणजे काय, औषध कसं काम करतं, घाबरण्याचं काही कारण कसं नाही. लेक ऐकत राहिली. काल तिने रेडिओ बंद कर म्हटलं नाही. उठून खिडकीशी गेली आणि काचेवरचा एक डाग बोटाने पुसत बसली, डाग बाहेरच्या बाजूला होता तरी.

“हात दुखत नाही ना?” सिस्टरचा अंगठा अजून दट्ट्यावर होता, तो अगदी कणाकणाने पुढे सरकत होता.

“नाही, छान आहे,” तिचा आवाज म्हणाला.

सिस्टरने मान हलवली. तिचा विश्वास बसला होता. का बसू नये, सगळ्यांचाच बसायचा. आणि त्या विश्वासाने ती एकदम घाबरली. आतापर्यंत ती आजाराला, केसांना, मरणाला जमेल तेवढी घाबरली होती, पण ही भीती वेगळी होती. ही तिच्याच गळ्यात बसलेली एक बाई होती, जिला विचारलं की ती उत्तर द्यायची, आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं. हातात निखारा ठेवला तरी ती छान आहे म्हणेल. औषध शिरेबाहेर झिरपलं तर काय होतं ते तिला माहीत होतं, कागदावर होतं ते. कातडी मरते, आतलं मांस मरतं, कधीकधी कापून काढावं लागतं. कागदावर तसंच लिहिलं होतं, आणि त्या तरुण डॉक्टरने पेनाने खोडून ‘क्वचित आसपासच्या भागाला इजा होऊ शकते’ असं केलं होतं, पेशंट उगाच धास्तावतात म्हणून. मग पुढचं वाक्य, जळलं तर सांगा म्हणणारं. ते वाक्य तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरोबर वाचलं होतं. जिन्यात पोर धडपडताना दिसलं तर हाक मारू तसं. “जरा फारच होतंय,” डॉक्टर म्हणाला. कानसेन बटण दाबून म्हणाला, “बाई, मऊ घ्या. रेशमी.” तिने मऊ घेतलं. अजून मऊ घेतलं. तिसऱ्या वेळी दोघांनी अंगठे वर केले.

ते वाक्य आता येणार होतं. त्याच्या आधीचं वाक्य चालू होतं, तिला क्रम आठवत होता. झोंबणं आता बिंदू राहिलं नव्हतं, कोपराकडे एक रेघ निघाली होती. तिने ठरवलं की ते वाक्य आलं की आपण सांगायचं, ती संधीच आहे, बाई स्वतःच म्हणणार आहे की सांगा. “औषध जात असताना,” बाई सुरू झाली, “सुईच्या जागी जळजळ किंवा वेदना जाणवली, तर तुमच्या परिचारिकेला लगेच...” आणि तिने तो ‘लगेच’ ऐकला. पसरट, उबदार, दुपारच्या झोपेसारखा. त्यात घाई नव्हती. त्यात उद्याही चाललं असतं, परवाही चाललं असतं. किती माणसांनी या खुर्चीत बसून तो ऐकला असेल आणि हात तसाच ठेवला असेल, तिला कळायला मार्ग नव्हता. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. घशात तो रेशमी आवाज तयार उभा होता, त्याच्याकडे एक सुंदर वाक्यही तयार होतं, ‘सिस्टर, मला वाटतं जरा...’, आणि तिला माहीत होतं की हे वाक्य ऐकून कोणाचाही अंगठा थांबणार नाही.

“जळतंय.”

तो आवाज कोणाचा ते तिला क्षणभर कळलं नाही. घोगरा, वरच्या पट्टीत फाटलेला, पाच-सहा वर्षांच्या पोरीचा.

“जळतंय. थांबा. सिस्टर, हात जळतोय माझा.”

सिस्टरचा अंगठा पहिल्याच शब्दाला उचलला गेला होता. मग सगळं भराभर झालं. नळी बंद. दुसरी रिकामी सिरिंज. सुई न काढता आधी तिच्यातूनच जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढलं, लाल पाणी थोडं परत आलं. मग सुई निघाली. सिस्टरने दाराबाहेर हाक मारून डॉक्टरांना बोलावलं, बर्फाची पिशवी मागवली, हात उंच उशीवर ठेवला आणि खिशातून पेन काढून कातडीवर जिथवर लालसर दिसत होतं तिथवर रेघ मारली. चिंचोक्याएवढा गोल. तो फार मोठा नव्हता, पण होता.

“कधीपासून जळत होतं?” सिस्टरने विचारलं.

आत्ताच. रेशमी आवाज एका पायावर तयार होता. आत्ताच सुरू झालं, लगेच सांगितलं तुम्हाला. सिस्टरचीही त्यात सोय होती, तिचीही. ती पेनाच्या गोलाकडे बघत राहिली.

“तुम्ही ‘ठीक?’ असं विचारलंत ना, पहिल्यांदा. तेव्हापासून.”

सिस्टरने भुवया वर केल्या नाहीत. “आणि दुसऱ्यांदा छान आहे म्हणालात.”

“हो.”

“का पण?”

“वाक्य संपायचं होतं,” ती म्हणाली, आणि याचा अर्थ कोणाला लागणार, असं वाटून तिला रडू यायला लागलं. “जिन्यात जाऊन रडणारी माणसं आम्ही,” असंही काहीतरी ती बरळली. सिस्टरने तिचा दुसरा हात धरला, मोज्यासकट.

डॉक्टर आले, सकाळचेच मोठे डॉक्टर, त्यांनी गोल दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली. थोडंसं गेलं असावं, म्हणाले, किती ते दोन-तीन दिवसांत कळेल. कदाचित फक्त लाली राहील, कदाचित फोड येईल, त्याहून वाईट होईल असं वाटत नाही, पण वचन देत नाही. गोलाबाहेर लाली गेली तर कळवायचं. उरलेलं औषध आजच द्यायचं, उजव्या हातातून, मोठ्या शिरेतून. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, “चालेल?” आणि ती म्हणाली, “मला फार भीती वाटतेय.” त्यांनी हातमोजे चढवले. मग म्हणाले, “वाटणारच,” आणि स्वतः शीर शोधायला बसले.

लेकीला सिस्टरने मास्क बांधून आत घेतलं. लेक पायाशी उभी राहिली, पिशवीखालच्या हाताकडे बघत. पडदा फिरून सुरुवातीला आला होता. “नमस्कार. आज तुम्हाला शिरेतून जे औषध...” लेकीने मान वर केली. “आई,” ती म्हणाली, “ही तूच आहेस ना?”

सिस्टर वळली, पडद्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. “म्हणजे ती बाई तुम्ही?”

“हो.”

“कमाल आहे. आणि तुम्हालाच सांगायचं सुचेना.”

“मी वाचते फक्त,” ती म्हणाली. लेक हसली नाही. मास्कच्या वरचे तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला ती काही खिडकीशी गेली नाही, तिथेच उभी राहिली.

उजव्या हाताची शीर पहिल्या खेपेला मिळाली. सिस्टर पुन्हा स्टुलावर बसली, सिरिंज जोडली, पण अंगठा ठेवला नाही. “आता मी विचारणार नाही,” ती म्हणाली. “विचारलं की तुम्ही छान आहे म्हणता. तुम्हीच बोलत राहायचं. हातात काय होतंय ते, संपेपर्यंत. कसंही बोला.”

लाल धागा नळीत उतरला. यंत्रावरचा दिवा पेटलेला होताच. घसा मिटू पाहत होता, तिला ते कळत होतं, आणि पायाशी लेक उभी होती, ऐकत. “थंड आहे,” ती म्हणाली. “कोपरापर्यंत थंड आहे. जळत नाही. अंगठ्याला मुंग्या आल्यात, त्या मघापासूनच आहेत, मी हात घट्ट धरलाय म्हणून असतील.” सिस्टरने मान हलवली, अंगठा कणभर सरकला. “डावा हात ठणकतोय. हा थंडच आहे. तोंडात कसलीतरी चव आलीय, पत्र्यासारखी. मला घरी जायचंय. जळत नाही, थंड आहे.” पडद्यातली बाई केसांविषयी सांगत होती, न थांबता, आणि तिच्या वरून हा फाटका, घोगरा आवाज चालला होता, अडखळत, तेच तेच सांगत. “लघवी लाल होईल, ते ठाऊक आहे मला, तरी मी घाबरेन. आणि तो गोल वाढला तर काय करायचं, हे मी रात्रभर दिवा लावून बघत बसणार, आणि तू पण माझ्याबरोबर...”

वाक्याच्या मध्येच दम संपला. तिने तोंड उघडून मोठ्याने श्वास घेतला, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा, आणि पुढे सांगू लागली.